पार्काजवळ राहायचंय, पण घर विकतच घ्यायला हवं का?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं धायरीत स्वतःच्या टू बीएचकेमध्ये राहता. घर २०१७ मध्ये ५२ लाखांना घेतलं, आज ७२ लाख येतील, कर्ज २१ लाख शिल्लक आहे, हप्ता २४,५०० रुपये. हातात येणारा पगार तुमचा ८० हजार, यजमानांचा १ लाख. त्यांचं वय ४१. घरखर्च शाळेसकट ७५ हजार, एसआयपी (फंडातली दरमहा गुंतवणूक) ४० हजार, म्युच्युअल फंडात २३ लाख, एफडीत ६ लाख. मुलगी सहा वर्षांची. एरंडवण्यात कमला नेहरू पार्काजवळ १९८४ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके १ कोटी ४५ लाखांना मिळतोय. लिफ्ट नाही, पण ‘लवकरच पुनर्विकास आहे’. रविवारपर्यंत २ लाखांचं टोकन मागितलंय. त्याच भागात भाडं ३६ हजार आहे.

टोकन देऊ नका. पार्काजवळ राहायला मात्र जरूर जा, भाड्याने.

आधी घराची खरी किंमत. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतलं तर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे १०.१५ लाख. फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का वाचतो, पण मग जुन्या करप्रणालीतली व्याजाची सवलत यजमानांना मिळणार नाही. नोंदणी ३० हजार, दलाली १ टक्का धरली तर १.४५ लाख, सोसायटीची हस्तांतर फी जास्तीत जास्त २५ हजार, वकील आणि कर्जाचे खर्च मिळून ६० हजार. शिवाय चाळीस वर्षं जुनं घर: नळांच्या गंजलेल्या लोखंडी लाइनी, बाथरूमची गळती, एसीचा भार न पेलणारं वायरिंग. यासाठी ८ लाख धरा, आणि तेही मी हात आखडता ठेवून सांगतोय. एकूण जवळपास १ कोटी ६६ लाख.

धायरीचं घर विकून, कर्ज आणि दलाली वजा जाता, ५० लाख हातात येतील. नफा नव्या घरातच जात असल्याने त्यावर कर लागू नये. उरले १ कोटी १६ लाख. बँक १ कोटी देईल असं धरलं तरी १६ लाख म्युच्युअल फंडातून काढावे लागतील. ८ टक्के दराने २० वर्षांसाठी १ कोटीचा हप्ता ८३,६०० रुपये, आणि तो यजमानांच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत. हप्ता आणि घरखर्च गेल्यावर महिन्याला २१,४०० उरतात, म्हणजे एसआयपी निम्मी होणार. तुमची नोकरी सहा महिने थांबली तर यजमानांच्या पगारातून हप्ता भरून सगळ्या घराला १६,४०० रुपये राहतात. शाळेची फी यातच.

बँकेचीही एक मेख आहे. ७५ लाखांपेक्षा जास्त कर्ज असेल तर घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळतं, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरत नाहीत. कागदावर १ कोटी बसतात. पण इमारत चाळिशी ओलांडलेली असली की बँकेचा मूल्यांकनकार तिचं उरलेलं आयुष्य बघतो. त्यावरून रक्कम कमी होते नाहीतर मुदत तरी, आणि मुदत घटली की हप्ता वाढतो. हे बहुतेकांना टोकन दिल्यानंतरच कळतं.

आता पुनर्विकास. विक्रेता हे आमिष म्हणून सांगतोय आणि त्याचे पैसे १ कोटी ४५ लाखांत आधीच लावलेले आहेत. त्यामुळे विचारायचं ते पुनर्विकास होणार का एवढंच नाही, कुठपर्यंत आलाय तेही. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तीन गोष्टी मागा. पहिली, जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतर, सोसायटीच्या नावावर झालंय का. मिळकतपत्रिकेवर मूळ बिल्डर किंवा जमीनमालकाचंच नाव असेल तर आधी मानीव अभिहस्तांतरण (मालकाच्या सहीवाचून, सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) करावं लागेल, आणि मूळ मालकाच्या वारसांनी हरकत घेतली तर ते प्रकरण सहज रेंगाळतं. दुसरी, विशेष सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त: विकसक ठरलाय की नुसती चर्चा आहे? तिसरी, ताजा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल. उपविधींनुसार तीस वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. आणि टेप घेऊन समोरचा रस्ता मोजा. तो ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर आणि प्रीमियम एफएसआय, म्हणजे पैसे मोजून मिळणाऱ्या जादा बांधकामाचं गणित बसणं अवघड, आणि पुनर्विकासात ‘४० टक्के जास्त जागा’ ही बोलाचीच कढी.

पण समजा सगळं सुरळीत झालं, तर काय होईल? तुमची लेक आज सहा वर्षांची. पुढची दोन वर्षं सह्या, परवानग्या. ती आठ वर्षांची झाली की इमारत रिकामी करायची. बांधकामाला तीन वर्षं, म्हणजे परत याल तेव्हा ती अकराची. मधल्या काळात विकसक भाडं देईल, पण ते पार्काशेजारच्या घराला पुरेलच असं नाही, आणि ८३,६०० चा हप्ता काही थांबणार नाही. घसरगुंडी, झोके आणि संध्याकाळी खाली हाक मारली की जमणारी पोरं ज्या वर्षांत हवीत, नेमकी तीच वर्षं तुम्ही दुसऱ्याच गल्लीत काढाल. तेराव्या वर्षी ती पार्कात मैत्रिणीबरोबर भेळ खायला जाईल, आणि त्यासाठी तुम्ही कुठे राहता याने फारसा फरक पडत नाही.

भाड्याचा हिशेब याच्या शेजारी ठेवा. ३६ हजार भाडं म्हणजे वर्षाला ४.३२ लाख, घराच्या किमतीच्या ३ टक्क्यांहून किंचित कमी. एक कोटीच्या कर्जावर पहिल्या वर्षी नुसतं व्याज ७.९ लाख जातं. धायरीचं घर २० हजार भाड्याने जाईल असं तुम्ही लिहिलंय. वर्षातला एक महिना ते रिकामं राहणार आणि सोसायटीचा देखभाल खर्च ३ हजार तुम्हीच भरणार हे धरलं, तरी तुमच्या खिशातून महिन्याला साधारण २१ हजार जास्त जातील. आज हप्ता, घरखर्च आणि एसआयपी जाऊन ४०,५०० शिल्लक पडतात. त्यातून हे भागवून १९,५०० उरतात आणि एसआयपीला हात लागत नाही. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के वजावट आणि कर्जाचं व्याज वजा होतं, त्यामुळे सध्या त्यावर कर जवळपास शून्य. एक तोटा आहे: स्वतः राहणाऱ्यांना मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत धायरीच्या घराला मिळणार नाही. परत राहायला गेलात की पीटी-३ अर्ज भरून ती पुन्हा मागून घ्या.

भाड्याची खरी अडचण म्हणजे मालकाने अकरा महिन्यांनी ‘मुलगा परत येतोय’ म्हणणं. शाळेच्या मध्यात घर बदलायला लागलं तर सगळा बेतच फसतो. अकरा महिन्यांचा करार ही सवय आहे, कायद्याची अट नाही. तीन वर्षांचा लीव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरार) करा, भाडेवाढ दरवर्षी ५ टक्के आधीच लिहून घ्या. मालकाला किमान दोन वर्षं करार मोडता येणार नाही आणि तुम्हाला मात्र दोन महिन्यांच्या नोटिशीने सोडता येईल, असं कलम मागा. सगळे मालक मानणार नाहीत. जो मानेल त्याला हजार रुपये जास्त द्यावे लागले तरी द्या. १.०८ लाख डिपॉझिट धरून तीन वर्षांच्या करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क सुमारे साडेतीन हजार होतं, नोंदणी एक हजार. डिपॉझिट, एक महिन्याची दलाली आणि टेम्पो मिळून पावणेदोन लाख बाजूला काढा, पण एफडीतून नको. ती सहा लाखांची एफडी आपत्कालीन निधी आहे. दोन-तीन महिन्यांच्या शिलकीतून आणि थोडे फंड विकून हे जमेल.

इमारतीचा पुनर्विकास जवळ आलाय का हे भाड्याने घेतानाही विचारा, नाहीतर वर्षभरात पुन्हा खोकी बांधाल. आणि पार्काच्या अगदी समोरची इमारत नको. रविवारी संध्याकाळी सहा ते आठ तिथे स्वतः उभं राहून बघा: गेटसमोर दुचाकींची रांग, रिक्षा, हॉर्न, खाऊच्या गाड्यांची गर्दी, तुमची गाडी बाहेर काढायला कुणाला तरी शोधायचं. दोन गल्ल्या आत गेलात तर पार्क पाच मिनिटांवर राहतो आणि झोप शाबूत राहते. महापालिकेची बरीच उद्यानं दुपारी बंद असतात, त्यामुळे सुट्टीतल्या दुपारी सोसायटीच्या आवारात मुलांना खेळू देतात का, हेही वॉचमनला विचारून घ्या. काही जुन्या सोसायट्यांत चेंडूला बंदी असते. तुमचं ऑफिस कल्याणीनगरला आहे, तेव्हा नळ स्टॉप मेट्रो स्थानकापर्यंत चालत किती वेळ लागतो तेही मोजा. तिथून गाडी न बदलता जाता येतं.

विकत घ्यायचा विषय कायमचा मिटवा असं माझं म्हणणं नाही. तीन वर्षांनी धायरीचं कर्ज कमी झालेलं असेल, एसआयपी वाढलेली असेल, आणि त्या भागातल्या काही इमारती पुनर्विकास होऊन, भोगवटा पत्र (राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला) घेऊन उभ्या असतील. तेव्हा नवं कर्ज ७५ लाखांच्या आत बसत असेल आणि हप्ता यजमानांच्या एकट्याच्या पगाराच्या साठ टक्क्यांखाली असेल, तर पुन्हा लिहा.

शाळा जूनमध्ये सुरू होते, त्यामुळे घरं एप्रिल-मेमध्ये रिकामी होतात. धायरीच्या घरासाठी भाडेकरू मार्चपासूनच शोधायला लागा, म्हणजे मे महिन्यात तिकडे घर रिकामं आणि इकडे भाडं चालू, असं होणार नाही.