जुना ॲनालॉग स्कॅनर : ऐकायचं काय?

गॅरेज सेलमध्ये ॲनालॉग स्कॅनर (फ्रिक्वेन्सी एकामागून एक चाळून बोलणं ऐकवणारा रेडिओ) मिळाला. पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर नुसती घरघर येते. बिघडला असेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

बहुधा नाही. आधी त्याच संचावर हवामान सांगणारी केंद्रं लावा. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमध्ये सात चॅनेल आहेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी त्यातलं एखादं तरी लागतं आणि ते दिवसरात्र बोलत असतं. ते स्वच्छ आलं की संच ठणठणीत समजा. ती घरघर डिजिटल आहे. बऱ्याच ठिकाणचे पोलीस आता पी-२५ नावाची डिजिटल पद्धत वापरतात आणि ती ॲनालॉग संचाला उलगडत नाही. त्यांचा नाद सोडा.

मग सुरुवात कुठून करू?

विमानांपासून. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, आणि संचाचा मोड (आवाज पकडण्याची पद्धत) एएमवर ठेवा. विमानतळाच्या टॉवरचा आवाज इमारतींआड हरवतो, पण पस्तीस हजार फुटांवरचा वैमानिक दीडशे मैलांवरूनही ऐकू येतो. त्यामुळे उत्तरं ऐकू आली आणि प्रश्न आलेच नाहीत, तर गोंधळू नका. अँटेना साठ सेंटिमीटरच्या आसपास ओढून उभी धरा.

घरामागून मालगाड्या जातात. गाडी येतेय हे आधी कळेल का? (नेपरव्हिल, इलिनॉय)

कळेल, आणि मला स्कॅनरवर याहून रंगतदार काही वाटत नाही. १६०.२ ते १६१.६ मेगाहर्ट्झ सर्च मोडवर टाका, म्हणजे संच तो पट्टा आपोआप चाळत राहतो. खरखर जेमतेम थांबेल इतपतच स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) फिरवा. जास्त फिरवलात तर लांबचे आवाज गाळले जातात. बोलणं लागलं की वेळ, फ्रिक्वेन्सी आणि कोण बोललं ते वहीत टिपा. इंटरनेटवरच्या लांबलचक यादीपेक्षा ही वही जास्त कामाला येते, कारण तिच्यात फक्त तुमच्या खिडकीत येणारंच असतं.

रुळांच्या कडेला तापलेली बेअरिंग हुडकणारी यंत्रं असतात. गाडी गेली की त्यातली बरीचशी स्वतःच रेडिओवर बोलतात : रेल्वेचं नाव, मैलाचा आकडा, 'नो डिफेक्ट्स', कधी चाकांच्या एकूण आसांची संख्याही. तो मैल नकाशावर शोधलात की गाडी कुठे आहे ते समजतं. दुसरी खूण ४५७.९३७५ मेगाहर्ट्झवर. गाडीच्या शेवटच्या डब्यावरचं यंत्र ब्रेकचा दाब इंजिनाला कळवतं, ते इथे चिर्र असं ऐकू येतं. त्याची ताकद मोजके वॅट, म्हणजे चिर्र आलं की गाडी जवळच आहे.

दहावीतल्या मुलीसाठी अमेरिकेहून स्कॅनर मागवू का? (नाशिक)

नका मागवू. भारतात असा संच परवान्याशिवाय बाळगता येत नाही. तिला दूरसंचार विभागाची हॅम (म्हणजे हौशी) रेडिओची परीक्षा द्यायला लावा, त्या वयात ती सहज जमते. परवाना हाती आला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ तिला खुले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक याच पट्ट्यात, १४५.८०० वर बोलतं; अंतराळवीर अधूनमधून शाळांतल्या मुलांशी गप्पा मारतात. स्थानक जेमतेम दहा मिनिटं टप्प्यात असतं. त्याच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी किंचित सरकते, म्हणून येताना १४५.८०५, डोक्यावर असताना १४५.८०० आणि जाताना १४५.७९५ लावलं तर आवाज स्पष्ट राहतो.