कोलकात्याहून मुंबईला जुनी अँबॅसेडर कशी आणावी? चालवत, की ट्रकवर?

तुम्ही लिहिलंय की कोलकात्याच्या एका कुटुंबाकडून १९६६ सालची अँबॅसेडर मार्क टू घेतली, पैसे देऊन झाले, गाडी अजून त्यांच्याच अंगणात उभी आहे आणि ती गोरेगावला आणायची आहे. भाऊ म्हणतो चालवत आणू, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचे दर एकमेकांशी कुठेच जुळत नाहीत.

भावाचा उत्साह मी समजू शकतो, पण चालवत आणू नका. अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. त्या काळच्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि ब्रेकची लाइन एकच असते. एका चाकाच्या सिलिंडरमधलं रबर गेलं की ऑइल गळतं आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अंगणात पाच-सात वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ही रबरं वाळलेली असणार असंच धरून चाला. ती गाडी घेऊन कसारा घाट उतरू नका. आधी मुंबईत आणा, मिस्त्रीकडून ब्रेक, पेट्रोलचे पाइप, टायर सगळं करून घ्या, मग भावाला घेऊन खुशाल नाशिकला जा.

रेल्वेचाही विचार सोडा. कंपन्यांच्या नव्या गाड्या अख्ख्या मालगाडीने जातात, तुमची एकटी गाडी त्यात बसत नाही. म्हणजे उरतो ट्रक.

ट्रक ठरवण्याआधी एक काम मात्र गाडी कोलकात्यात असतानाच करायचं आहे. आरटीओच्या ना हरकत प्रमाणपत्रासाठी फॉर्म २८ लागतो आणि त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा द्यावा लागतो. पंधरा वर्षांनंतर आरसी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, तेव्हा गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. विकणाऱ्यांची आरसी संपलेली असेल तर ते नूतनीकरण तिथेच उरकून घ्या. गाडी इकडे आणि कागद तिकडे अशी अवस्था झाली की माणसं महिनोन् महिने लटकतात. चेसिसचा ठसा स्वतः काढा आणि आरसीवरच्या नंबराशी एक-एक अक्षर ताडून बघा. शिवाय जुन्या नंबरप्लेटचा चांगला फोटो काढून ठेवा. महाराष्ट्रात नवा नंबर घेतलात की तो जुना नंबर जातो आणि नंतर फार हळहळ वाटते. २०२१ साली आलेली व्हिंटेज नोंदणीही आहे, पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी, ‘व्हीए’ अक्षरांची. पण ती घेतलीत तर गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी आईला सिद्धिविनायकाला न्यायचं मनात असेल तर आधी नीट विचार करा.

आता ट्रकबद्दल. यात मी स्वतः पोळलो आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मी कोइमतूरहून १९५७ ची फियाट आणली. आपल्याकडे जिला डुक्कर फियाट म्हणतात, ती. मला दर आले होते चौदा हजार, सव्वीस हजार आणि एकेचाळीस हजार. सव्वीसवाला म्हणाला, बंद कंटेनरमधून घरापर्यंत पोचवतो. मी हो म्हटलं. चढवताना मी हजर नव्हतो, विकणाऱ्या गृहस्थांनी फोनवर सांगितलं की कंटेनर आला, गाडी गेली. आठव्या दिवशी कळंबोलीला गाडी घ्यायला गेलो तर ती उघड्या ट्रेलरवर पाच नव्या गाड्यांच्या मागे उभी होती. बंगळुरूच्या बाहेर कुठेतरी तिला कंटेनरमधून काढून दुसऱ्या ट्रेलरवर चढवलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, कळवलंही नव्हतं.

डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे मधल्या खांबावर बिजागरी असलेले, म्हणजे उलटे उघडणारे. गाडीचं तोंड पुढे होतं. डाव्या दरवाजाचं लॅच जुनं, ढिलं. हायवेवर वारा त्या फटीत शिरला आणि दरवाजा मागे भिरकावला गेला. बिजागरी वाकली, खांबाचा पत्रा फाटला. मागच्या ॲक्सलवरून साखळी टाकून आवळली होती, तिच्याखाली ब्रेकचा तांब्याचा पाइप चपटा झाला होता. तो मला लगेच दिसलाही नाही. गॅरेजमध्ये पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर ऑइल जमिनीवर आलं तेव्हा कळलं. ज्या गृहस्थांनी ती गाडी पासष्ट वर्षं सांभाळली होती त्यांना मी काय झालं ते आठवडाभर सांगू शकलो नाही.

भरपाई मागायला गेलो तेव्हा खरा प्रकार समजला. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाला माल घेताना देतो त्या पावतीवर, मालाची किंमत लिहायचा रकाना कोरा होता आणि वर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असा शिक्का मारलेला होता. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ आणि त्याखालचे २०११ चे नियम असं सांगतात की तुम्ही जास्त जोखमीचा दर ठरवून दिला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. म्हणजे भाडं २२,००० असेल तर फार फार तर २,२०,००० रुपये. आणि किंमतच लिहिली नसेल तर बोलायला जागाच उरत नाही. तुमची अँबॅसेडर पाच लाखांची असेल तर बिल्टीवर पाच लाख लिहून घ्या, त्यासाठी जास्तीचा दर मागितला तर तो द्या, आणि दिल्याचं त्याच कागदावर यायला हवं. नुकसान झालंच तर लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. डिलिव्हरीच्या नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून. मी दोन महिने फोनवर ‘बघतो साहेब’ ऐकत बसलो होतो. ते महिनेही याच १८० दिवसांत मोजले जातात.

विम्यातही मी असाच फसलो, आणि नवीन घेतलेल्या जुन्या गाडीच्या बाबतीत ही चूक कुणाकडूनही होऊ शकते. पूर्ण विम्याच्या पॉलिसीत गाडी रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेली जात असताना होणारं नुकसान धरलेलं असतं. विकणाऱ्यांची तशी पॉलिसी होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पण मालकी बदलली की थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे येतं, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. मी ते मुंबईत आल्यावर करणार होतो. जुन्या गाड्यांवर पुष्कळदा नुसता थर्ड पार्टी विमाच असतो, तेव्हा आधी कागद मागवून बघा. पूर्ण विमा नसेल किंवा नावावर व्हायला वेळ लागणार असेल तर या एका प्रवासाचा वेगळा ट्रान्झिट विमा काढा, आणि पॉलिसीचा नंबर हातात आल्याशिवाय गाडी चढवू देऊ नका. ट्रान्सपोर्टवाला ‘इन्शुरन्स आमचा आहे’ म्हणाला तर प्रमाणपत्र मागा. त्यावर तुमचं नाव, चेसिस नंबर आणि किंमत हवी.

दोन वर्षांनी मेव्हण्याची स्टँडर्ड हेराल्ड हैदराबादहून आणली. त्या वेळी दराची घासाघीस केली नाही, पण चढवण्याच्या आदल्या रात्री मी स्वतः तिथे जाऊन मुक्काम केला. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो. हायवेवरच्या हजार मैलांत गाडीला फारसं काही होत नाही. होतं ते चढवण्याच्या एका तासात आणि उतरवण्याच्या एका तासात. मध्ये ट्रक बदलला की हे दोन तास चार होतात. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा, पण कोलकात्याचं विमानाचं तिकीट काढा.

तुमच्यासाठी मी एका गाडीचा बंद कंटेनर ट्रक सुचवेन, आणि बिल्टीवर शेरा लिहून घ्या की वाटेत माल दुसऱ्या वाहनात चढवायचा नाही. ट्रकचा नंबर चढवण्याच्या वेळी बिल्टीवर पडला पाहिजे, उतरवताना तोच ट्रक समोर दिसला पाहिजे. नव्या गाड्या नेणारे मोठे कार कॅरिअर स्वस्त पडतात, पण त्यांची चढण आणि त्यांची घाई चालू स्थितीतल्या, हँडब्रेक धरणाऱ्या गाड्यांसाठी असते. तुमची गाडी स्वतः सुरू होत नसेल तर हे आधीच स्पष्ट सांगा. मग विंचवाला, म्हणजे गाडी दोराने ओढून वर घेणारा ट्रक येतो. नाही सांगितलंत तर ऐनवेळी आठ हमाल बोलावले जातात, आणि ते मागचे दिवे आणि बंपर धरून ढकलतात. त्यांचा दोष नाही, त्यांना कुठे धरायचं ते कोणी सांगितलेलंच नसतं.

उघड्या ट्रकशिवाय पर्याय नसेल तर पावसाळ्यात मुळीच नको. अँबॅसेडरचे चारही दरवाजे पुढच्या कडेला बिजागरी असलेले, त्यामुळे तोंड पुढे ठेवून चढवा, म्हणजे वारा दरवाजे दाबूनच धरतो. बोनेट मात्र पुढून उघडतं, ते मऊ सुती दोरीने ग्रिलला बांधा. आणि उघड्या ट्रकवर गाडीला कव्हर घालू नका. वाऱ्याने फडफडून, आतल्या धुळीने ते रंग पॉलिशपेपरसारखं घासून काढतं.

बांधणी फक्त चाकांना. टायरवरून रुंद पट्टे टाकून रॅचेटने (पट्टा ताणून धरणाऱ्या खटक्याने) ट्रकच्या तळाला आवळायचे, चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे खिळ्यांनी ठोकायचे. बंपरला, ॲक्सलला, पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मला साखळी लावू द्यायची नाही. गाडीचं अंग बांधलं की खड्ड्यात स्प्रिंग दबते, पट्टा ढिला पडतो आणि गाडी हलायला लागते. चाकं बांधली की वरचं अंग आपल्या स्प्रिंगवर डोलत राहतं. पट्टे आपले आपण न्या, ट्रकवाल्याकडे बहुतेक वेळा साखळी आणि नायलॉनची दोरीच असते. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पट्टे पुन्हा आवळायला ड्रायव्हरला सांगा, आणि त्यासाठी त्याच्या हातात वेगळे पाचशे रुपये द्या. वाटेतल्या सगळ्या रात्री ती गाडी त्याच्याच भरवशावर असते, त्याच्याशी दोन शब्द आपुलकीने बोला.

टाकीत पेट्रोल थोडंच, बॅटरीची वायर काढलेली. चाकांचे कप, आरसे, जॅक, पाने, घड्याळ, समोरचा बिल्ला, जे निघतं ते काढून आपल्यासोबत आणा, मार्क टूचे मूळ भाग आता शोधून मिळत नाहीत. ट्रक हलण्याआधी चारही बाजूंनी, छताचे, खालून, आणि मीटरचा असे फोटो काढा, जमलं तर त्या दिवसाचं वर्तमानपत्र बोनेटवर ठेवून. सोबत आरसीची प्रत, विक्रीचा करार, विमा, आणि गाडी जुनी असून स्वतःच्या वापरासाठी नेत असल्याचं सही केलेलं पत्र द्या, वाटेत तपासणी झाली तर ड्रायव्हर अडणार नाही.

आता मुंबईचं टोक. तुमचा ट्रक खरगपूर, संबलपूर, रायपूर, नागपूर असा येईल आणि समृद्धी महामार्गाने आला तर भिवंडीजवळ आमण्याला उतरेल. मोठा ट्रक गोरेगावच्या गल्लीत शिरत नाही, ‘घरापर्यंत’ म्हणणारे बहुतेक जण भिवंडी, कळंबोली किंवा वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर गाडी उतरवतात आणि तिथून तुम्हाला छोट्या टोइंगवर घालतात. हा शेवटचा टप्पा फार वाईट, कारण टोइंगवाला पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेऊ बघतो. आडव्या पाटाची, पूर्ण गाडी वर घेणारी फ्लॅटबेडच ठरवा, आणि ती तुम्ही ठरवा, त्यांच्यावर सोडू नका.

उतरल्यावर लगेच सही करू नका. भर उजेडात, फोटो हातात घेऊन गाडीभोवती फिरा, खाली वाकून ब्रेकचे पाइप बघा. काही दिसलं तर डिलिव्हरीच्या प्रतीवर ते लिहून मगच सही, आणि त्या प्रतीचा फोटो. ड्रायव्हर घाई करेल, करू द्या.

गाडी भिवंडीला किंवा कळंबोलीला उतरणार असेल तर इथेच दिवस कळवा. पट्ट्यांचा पूर्ण संच माझ्याकडे आहे, मी येतो. आणि कोलकात्याला जाण्याआधी सांगितलंत तर तो तुमच्यासोबत पाठवतो.