सीआयडीच्या आधी शिवाजी साटम काय करायचे?

बँकेत कॅशियर होते, सेंट्रल बँकेत. आंतरबँक नाट्यस्पर्धांत काम करताना अभिनेते बाळ धुरींची नजर पडली आणि 'संगीत वरद'मधून ते रंगभूमीवर आले. टीव्हीवर १९८० च्या सुमारास 'रिश्ते-नाते'. नोकरी मात्र बरीच वर्षं सांभाळली.

'सीआयडी' १९९८ ला सुरू झाली तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. म्हणजे ज्या वयात चरित्र अभिनेत्याला सासऱ्याच्या नाहीतर कमिशनरच्या भूमिका मिळतात, त्या वयात त्यांना एसीपी प्रद्युम्न मिळाला. 'कुछ तो गडबड है' म्हणताना हवेत फिरणारी बोटं आठवा. संवाद साधाच, पण तो हात सगळं सांगून जातो. २००४ चा एक भाग तर १११ मिनिटांचा, एकाच सलग टेकमध्ये चित्रित केलेला. नाटकाची तालीम असलेल्या माणसालाच हे जमतं, असं माझं मत.

पण त्यांचं खरं काम बघायचं असेल तर 'वास्तव' (१९९९) मधला बाप बघा. गुंड झालेल्या मुलाचे पैसे घरात येतायत आणि हा माणूस कोपऱ्यात नुसता आक्रसत जातो. मराठीत 'उत्तरायण'ही आहे, नीना कुलकर्णींबरोबर. तो आधी बघा.