गावी परतण्याचा निर्णय आणि देवाचा कौल

आपला प्रश्न असा आहे की, मुंबईतील नोकरी सोडून कायमचे गावी परतण्याचा विचार पक्का होत आला असताना आई मात्र ‘देवाचा कौल मिळेपर्यंत थांब’ असे म्हणते. तर किती थांबावे आणि देवाचे उत्तर मिळाले हे कसे ओळखावे? मी मालवण तालुक्यातला आहे. आमच्या घरात कौल घेतल्यावाचून कोणतेही मोठे काम झालेले नाही, त्यामुळे अनुभवाचे तेवढे लिहितो.

आमच्याकडे गुरव प्रथम देवासमोर गाऱ्हाणे घालतो, म्हणजे आपले म्हणणे देवापुढे मांडतो, जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि मग भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवल्या जातात. काही देवळांत तांदळाचे दाणे लावतात. साधारणपणे उजवीकडची पाकळी पडली तर होकार आणि डावीकडची पडली तर नकार मानतात. पण कधी कधी काहीच पडत नाही, आणि माणसाची खरी परीक्षा तिथे होते.

वडिलांच्या पश्चात आम्हा दोघा भावांना कलमांची बाग विकायची होती. गिऱ्हाईक तयार होते, फक्त इसार घ्यायचा राहिला होता. आम्ही कौल लावला, तेव्हा तासाभराहून अधिक वेळ एकही पाकळी हलली नाही. समईच्या उजेडात त्यांच्या कडा वाळून वळलेल्या दिसत होत्या. शेवटी गुरवाने त्या हलकेच काढून घेतल्या आणि म्हणाला, “आज देव बोलणा नाय, मागसून येवा. सगळ्यांचा एकमत आसा मां?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, कारण सातबाऱ्यावर आत्याचेही नाव होते आणि तिला आम्ही विचारलेच नव्हते, ती सही करीलच, असे गृहीत धरले होते. त्यानंतर चार महिने गेले, ते गिऱ्हाईकही गेले, आणि त्या काळात मला देवाचा रागही आला, हे मी लपवत नाही. आत्याकडे गेलो तेव्हा तिने पैशांचा विषयही काढला नाही. विहिरीजवळचा रायवळ आंबा तिच्या वडिलांनी लावलेला होता, तेवढा तोडू नका, असे ती म्हणाली. पुढच्या खेपेस तिला सोबत घेऊन, तो तुकडा वगळून विचारले, तेव्हा उजवा कौल झाला.

आपल्या भागातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या यात्रेचेच पाहा. लाखो भाविक येणाऱ्या या यात्रेला ठरलेली तिथी नसते. दिवाळीनंतर देवीचा कौल घेऊन पारधीचा, म्हणजे शिकारीचा, विधी होतो आणि तो पार पडल्यावरच पुन्हा कौलाने तारीख निश्चित होते. तोपर्यंत चाकरमानी रजेचा अर्ज आणि रेल्वेचे तिकीट लांबणीवर टाकून थांबतो; पण थांबतो म्हणजे काही हातावर हात ठेवून बसत नाही, गावात मांडवाची आणि पाण्याची तयारी चालूच असते.

म्हणून आईचे ऐका, मात्र देवाला नेमके काय विचारायचे ते आधी घरात बसून ठरवा. ‘गावी जाऊ का’ एवढ्यावर भागणार नाही. मुलांची शाळा, पत्नीची इच्छा, भावकीतील वाटणी आणि पहिल्या वर्षाचा खर्च यांचा विचार त्यात आला पाहिजे. एकदा मिळालेला कौल मनासारखा नाही म्हणून दुसऱ्या देवळात जाऊन तोच प्रश्न विचारू नये. तसे करणाऱ्याने निर्णय आधीच घेतलेला असतो आणि त्याला देवाची फक्त सही हवी असते. आजारपणाचा प्रश्न असेल तर आधी डॉक्टर गाठावा, कौलासाठी उपचार अडवून ठेवू नयेत.

किती थांबावे, याचे दिवसांत उत्तर मी देऊ शकत नाही. पुढच्या सुट्टीत पत्नीला आणि भावांना घेऊन गावी जा, सर्वांच्या देखत गाऱ्हाणे घाला आणि तोपर्यंत राजीनामा देऊ नका.