पेठेला ‘चारित्र्य’ असतं का?

वाईहून एका वाचकांनी विचारलंय. त्यांच्या पेठेतल्या काही मंडळींनी नव्या बांधकामांसाठी सूचनांचा मसुदा तयार केला. मूळ इंग्रजीत होता, मग मराठीत आणला. पहिलंच वाक्य असं: ‘समुदायाचे चारित्र्य अबाधित राखून वैविध्यास वाव देणे हा या मार्गदर्शक तत्त्वांचा हेतू आहे.’ बैठकीत हे वाचलं तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली म्हणे. त्यांचे प्रश्न दोन. ‘चारित्र्य’ चुकलं असेल तर त्या जागी काय लिहायचं? आणि मसुद्यात जागोजाग आलेल्या ‘असावे’वरून वाद झालाय, तो हुकूम समजायचा की सल्ला?

मराठी विश्वकोशाचं कार्यालय ज्या वाईत आहे, तिथून शब्द विचारायला माझ्याकडे सांगलीला पत्र यावं याची मला जरा गंमत वाटली. असो.

मागची रांग हसली ते बरोबरच होतं. मराठीत चारित्र्य माणसाला असतं, ते शुद्ध असतं नाहीतर संशयास्पद असतं, आणि नोकरी लागली की त्याचा दाखला पोलीस ठाण्यातून आणावा लागतो. पेठेचं चारित्र्य अबाधित राखायचं म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात घरांच्या खिडक्या येत नाहीत, भलतंच काहीतरी येतं. ‘समुदाय’ही तसाच परका. पेठेतल्या लोकांना पेठ म्हणा, आळी म्हणा. मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, गंगापुरी अशी नावं हाताशी असताना तिथला कोणी स्वतःला समुदाय म्हणवून घेईल असं वाटत नाही.

मग काय लिहायचं? ‘स्वरूप’ चालतं, पण त्याला ना चव ना ढव. ‘अस्मिता’ तर नकोच, हा शब्द निघाला की माणसं बाह्या सरसावतात. ‘चेहरामोहरा’ मला आवडला असता, पण वर्तमानपत्रांनी त्याची वाट लावली आहे. ‘शहराचा चेहरामोहरा बदलणार’ असा मथळा दिसला की समजावं, कुठलीतरी झाडं किंवा वाडा जाणार. ‘बाज’ छान आहे, पण तो गाण्या-वाजवण्यात जास्त शोभतो.

माझं मत ‘वळण’ या शब्दाला. हस्ताक्षराला वळण असतं. एकाच कित्त्यावरून शिकलेल्या चाळीस पोरांची अक्षरं चाळीस तऱ्हेची निघतात, तरी ती एकाच शाळेतली आहेत हे कळतं. मुलगी आईच्या वळणावर गेली म्हणतो तेव्हा ती हुबेहूब आईसारखी दिसते असं म्हणायचं नसतं. चालण्यात, बोलण्यात, नाकाच्या ठेवणीत काहीतरी उतरलेलं असतं. तुमच्या मसुद्याला जपणूक आणि वैविध्य या दोन गोष्टी ‘अबाधित राखून’ अशा दोरीनं बांधाव्या लागल्या आहेत. ‘वळण’ म्हटलं की त्या एकाच शब्दात येतात.

एक अडचण मात्र आहे. ‘आळीचे वळण’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला पावसात स्कूटर घसरते तो कोपरा आठवणार. म्हणून ‘बांधणीचे वळण’ किंवा सरळ ‘घरांचे वळण’ लिहा.

आता ‘असावे’. शाळेत याला विध्यर्थ शिकवतात, आणि तो भलताच लवचीक आहे. ‘थोरांचा मान राखावा’ हे कर्तव्य, ‘आता पाऊस पडावा’ ही इच्छा, ‘एव्हाना गाडी यावी’ हा अंदाज. पण तोच कचेरीच्या कागदावर उतरला की पोटात गोळा येतो. ‘अर्जासोबत दोन छायाचित्रे जोडावीत’ हा सल्ला आहे असं समजून कोणी रांगेत उभं राहून पाहावं! कायद्याच्या मराठीत सक्तीसाठी बहुधा ‘करील’, ‘राहील’ असं रूप येतं आणि मुभेसाठी ‘करता येईल’. ‘करावे’ या दोन्हींच्या मधे लटकतं. त्यामुळे तुमच्याकडे वाद झाला तो कुणाच्या आडमुठेपणामुळे झाला असं नाही, क्रियापदामुळे झाला.

मसुद्यातलं हे वाक्य पाहा: ‘घराचा दर्शनी भाग पारंपरिक असावा.’ कुठल्या परंपरेतला? तुमच्या शेजारी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, तो एक. मंगलोरी कौलांची, विटांची घरं आहेत, ती दुसरी. ती कौलंसुद्धा एकेकाळी नवलाईची होती. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या संस्थेनं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये. त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं. त्या वेळी कोणी ‘पारंपरिक असावा’ असं लिहून ठेवलं असतं, तर आज आपण जी जुनी म्हणून हळहळतो ती छपरं झालीच नसती.

‘पारंपरिक’ हा शब्द आळशी आहे. लिहिणाऱ्याला वाटतं मी सगळं सांगितलं, गवंड्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा घराची जी अंगं लोकांच्या तोंडी आहेत त्यांची नावं घ्या: ओटा, जोतं (भिंतींखालचा उंच पाया), सोपा (घराची पुढची पडवी), देवडी, कोनाडा, वळचण. आणि सगळ्यांत आधी ‘खण’. दोन खांबांच्या किंवा दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे खण. घर किती मोठं, तर ‘पाच खणी’. जुन्या आळीतून चालताना डोळ्याला जे जुळलेलं वाटतं ते रंगामुळे किंवा नक्षीमुळे क्वचितच, खणांच्या मापामुळे जास्त. मग वाक्य असं होईल: ‘रस्त्याकडची भिंत शेजारच्या घरांच्या खणांच्याच मापाच्या खणांत विभागलेली दिसावी. खणात लाकूड, लोखंड, विटांची जाळी, काहीही चालेल.’

हे ‘चालेल’ मी मुद्दाम वापरलंय. दिवसातून पन्नास वेळा आपण हा शब्द बोलतो, पण छापील कागदावर तो सहसा दिसत नाही. काय चालणार नाही याच्या याद्या वाचून घर बांधणारा माणूस घाबरतो आणि शेजाऱ्यानं केलं तेच करून मोकळा होतो. एकसारखेपणा तिथून येतो. जिथं खरंच बंदी आहे तिथं ‘करू नये’ लिहा, नियम असेल तिथं ‘करावे’, आणि बाकी ठिकाणी ‘चालेल’. कुठलं रूप कशासाठी, ते पहिल्या पानावर सांगून टाका.

मसुद्यातलं सातवं कलम मात्र मला शब्दापलीकडेही खटकलं: ‘जोत्याची उंची शेजारच्या घरांबरोबर असावी.’ मी कृष्णेच्या खालच्या अंगाला राहतो. इथं आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्यानंतर आमच्या गल्लीत ज्यानं ज्यानं घर काढलं त्यानं जोतं उचललं. ते कलम इथं असतं तर नियम पाळणाऱ्याच्या सोप्यात पुन्हा पाणी. तुम्हाला खरं तर ओट्यांची ओळ मोडायला नको आहे. मग तेवढंच लिहा: ‘रस्त्याकडचा ओटा शेजारच्या ओट्याच्या पातळीत ठेवावा, म्हणजे बसणाऱ्यांची ओळ तुटत नाही. आतले जोते हवे तितके उंच चालेल.’ मधे दोन पायऱ्या वाढतील, वाढू देत.

‘म्हणजे’ पुढचा तुकडा गाळू नका. तुमच्या ढोल्या गणपतीचंच बघा, देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची का, हे गावातलं पोरही सांगतं: पुराचं पाणी दुभंगून बाजूनं जावं म्हणून. १७६२ चं काम, पण आकारामागचं कारण लोकांच्या तोंडी राहिलंय.

शीर्षकाचं म्हणाल तर ‘नियमावली’ टाळा. बांधकामांसाठी राज्य सरकारची २०२० ची ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ आहेच, दोन नियमावल्या झाल्या की नगरपालिकेत कोणती कुठली हे समजावत बसाल. ‘मार्गदर्शक तत्त्वे’ बरोबर आहे, फक्त भिंती आणि खिडक्यांसाठी तत्त्व जरा जडच. ‘आपल्या पेठेतील घरांचे वळण: बांधणाऱ्यांसाठी सूचना’ असं काहीसं चालेल.

आणि एक मलाच विचारायचंय. मी वर सगळीकडे ‘ओटा’ लिहिलंय. आमच्या गल्लीत त्यालाच ‘कट्टा’ म्हणणारेही आहेत. तुमच्या आळीत म्हातारी माणसं काय म्हणतात ते आधी विचारा, आणि मसुद्यात तोच शब्द ठेवा.