टीपॉयची शिलाई उसवलीय? सोफेवाल्याकडे नेऊ नका

पॅरिसलगतच्या सेंट-उअँच्या जुन्या बाजारात घेतलेला काचेचा टीपॉय, पायांना चामडं, कोपऱ्यांत पितळी रिकिबी आणि एका पायाची चार बोटं उसवलेली शिलाई. दुरुस्तीला कुणाकडे द्यावा, असं विचारताना तुम्ही केलेलं हे वर्णन वाचून पोटात गोळाच आला. माझ्याकडे अगदी असाच होता.

विक्रेता फ्रेंच फर्निचर डिझायनर झाक आद्ने यांचं नाव सांगतोय, ते तूर्त बाजूला ठेवा. 1950 च्या दशकात त्यांनी एर्मेस या चामड्याच्या वस्तूंच्या फ्रेंच कंपनीसोबत चामडं मढवलेलं फर्निचर केलं हे खरं, पण त्या धाटणीचं काम इतरांनीही केलंय. कागद नसेल तर नावाचे पैसे मोजू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

जपायची ती शिलाई. ती खोगिराची आहे. मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा नुसते एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की उसवत जातं.

मी टीपॉय सोफे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात दिला. “हातानेच शिवाल ना?” विचारलं, “हो” म्हणाले. लेखी घेतलं नाही, तिथेच चुकलं. तीन आठवड्यांनी परत आला तो चारही पायांचं चामडं सोलून, वर दिखाऊ टीप मारलेल्या नव्या पट्ट्या चिकटवून! बिघडला होता एक पाय. जुनं चामडं मागितलं, तर फेकलं म्हणे. वर “आता जास्त मजबूत झालाय” हे ऐकवलं. इतक्या वर्षांत मुरलेला तो मधाचा रंग कुठून आणायचा? अजून राग जात नाही.

तुम्ही खोगीर शिवणारा कारागीर गाठा, घोडेस्वारीच्या क्लबात चौकशी केली की पत्ता मिळतो. जुन्याच भोकांतून शिवायचं आणि काढलेला प्रत्येक तुकडा परत द्यायचा, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. मी स्वतः कारागीर नाही. चामड्याचा लालसर भुगा पडत असेल तर माझं ऐकू नका, तेलही लावू नका, संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

पितळेच्या कडेला हिरवं मेणासारखं साचलं असेल, तर ती चामड्यातल्या तेलाची पितळेतल्या तांब्याशी झालेली प्रक्रिया. लाकडी काडीने हलकेच काढा. पितळ चमकवायचं पॉलिश तिथे नको, टाक्यांत पांढरं अडकतं आणि निघत नाही.

तोवर लोंबणारा दोरा कापू नका. वरून सुती पट्टी सैल बांधा. चिकटपट्टी मुळीच नको, काढताना चामड्याचा वरचा थर घेऊन येते.