मॅच परगावी, सोमवारी ऑफिस

प्रश्न : ताई, आम्ही पाच मित्र कॉलेजपासून एकत्र मॅच बघतो, पण टीव्हीवर. परवा रात्री गप्पांत अचानक ठरलं, की येत्या सुट्टीत आपल्या टीमची मॅच परगावी जाऊन बघायची. दोघं म्हणतात, आधी निघू, तिकिटाचं तिथे बघू. एकाला क्रिकेटमध्ये फारसा रस नाही, पण त्याला मागे ठेवून जायला कुणी तयार नाही. मॅच रविवारी आणि सोमवारी सकाळी सगळ्यांना कामावर हजर व्हायचंय. जमेल का?

उत्तर : जा. जरूर जा. असे बेत फार आधीपासून आखायला बसलं, की दर आठवड्याला एकेक जण गळतो आणि शेवटी ग्रुपवर फक्त चर्चा उरते. एका रात्रीत ठरलेलंच बहुतेक वेळा पार पडतं, असा माझा अनुभव आहे. तुमच्या पत्रातली एकच गोष्ट मला खटकली आणि ती तिकिटाची नाही. ती सोमवार सकाळची आहे.

मॅच ठरल्या वेळी संपेल हे कुणीही लिहून देऊ शकत नाही. 2023 ची आयपीएल फायनल आठवा. 28 मे, रविवार, अहमदाबाद. पाऊस असा लागला की टॉससुद्धा झाला नाही आणि मॅच राखीव दिवसावर गेली. चेन्नईच्या टीमसाठी लांबून आलेल्या कितीतरी लोकांनी ती रात्र रेल्वे स्टेशनवर काढली, अंगात पिवळी जर्सी तशीच. सोमवारी गुजरातनं 214 केले, चेन्नईचे तीनच चेंडू झाले आणि पुन्हा पाऊस. मग 15 ओव्हरमध्ये 171 चं टार्गेट आलं. जडेजानं शेवटच्या दोन चेंडूंवर सिक्स आणि फोर मारली तेव्हा मंगळवार लागून गेला होता. आता विचार करा, ज्यांचं परतीचं तिकीट रविवार रात्रीचं होतं आणि ज्यांना ते बदलता आलं नाही, त्यांनी तो शेवटचा चेंडू कुठे बघितला असेल? मला त्या लोकांचं आजही मनापासून वाईट वाटतं.

2019 च्या वर्ल्ड कपची सेमीफायनलही तशीच. मँचेस्टरला 9 जुलैला न्यूझीलंडचा डाव 46.1 ओव्हरवर थांबला, तो 10 तारखेला पुढे सुरू झाला आणि आपण त्या दिवशी 18 धावांनी हरलो. उलटंही होतं. जानेवारी 2024 मध्ये केपटाऊनची टेस्ट दुसऱ्याच दिवशी संपली. दोन्ही टीम मिळून 642 चेंडू, निकाल लागलेल्या टेस्टमधली सगळ्यात छोटी. पाच दिवसांच्या हिशेबानं गेलेल्या माणसाच्या हातात तीन दिवस मोकळे! पण आपण जिंकलो होतो, त्यामुळे त्या मोकळ्या दिवसांबद्दल कुणाची तक्रार असेल असं मला वाटत नाही.

म्हणून मॅचच्या दुसऱ्या दिवशीची रजा आत्ताच टाका आणि परतीचं तिकीट त्या दिवशी संध्याकाळचं काढा. राखीव दिवस आहे की नाही ते वेळापत्रकात बघा. साखळी सामन्यांना तो बहुधा नसतो, बाद फेरीला असू शकतो. एखाद्याला रजा मिळतच नसेल तर त्यानं आपलं परतीचं तिकीट वेगळं काढावं आणि हे निघण्याआधी सगळ्यांसमोर बोलून घ्यावं. ऐन पंधराव्या ओव्हरला एक जण घड्याळ बघतोय आणि उरलेले चौघं त्याच्यावर चिडलेत, असं होता कामा नये. मैत्रीत अढी पडते ती अशाच वेळी.

आता तिकीट. ‘तिथे बघू’ म्हणणाऱ्या दोघांना माझा निरोप द्या : स्टेडियमच्या गेटबाहेर हातोहात मिळणारं तिकीट घेऊ नका. एकाच क्यूआर कोडच्या चार प्रती चार जणांना विकल्या, तर जो आधी स्कॅन करतो तो आत जातो आणि बाकीचे तिघं बाहेरून ओरडा ऐकतात. आधी मॅचचं तिकीट, मग राहण्याची सोय, मग प्रवास, याच क्रमानं. इतक्या उशिरा पाच खुर्च्या सलग मिळणं कठीण, तेव्हा एकाच स्टँडमध्ये तीन आणि दोन अशा घ्या आणि मध्यंतरात जागा बदला. काही मॅचना मोबाइलवरचं तिकीट गेटवर चालत नाही, काउंटरवर जाऊन कागदी तिकीट घ्यावं लागतं आणि तो काउंटर स्टेडियमपासून लांबही असू शकतो. ते आदल्या दिवशी उरकता येईल अशा वेळेला पोचा.

खोली स्वस्त आणि लांब घेण्यापेक्षा साधी, पण स्टेडियमपासून चालत जाता येईल अशी घ्या. मॅच सुटली की हजारो माणसं एकाच वेळी वाहन शोधत असतात. शिवाय सामान ठेवायला जागा लागतेच. बऱ्याच ठिकाणी बॅग, पॉवर बँक, पाण्याची बाटली, अगदी नाणीसुद्धा आत नेऊ देत नाहीत. पाठीवर सॅक घेऊन थेट गेटवर गेलेल्यांची काय धावपळ होते, ते मी बघितलंय.

राहिला तुमचा पाचवा मित्र. आमच्या मैत्रिणींमध्येही अशी एक आहे. ती प्रत्येक वेळी येते आणि तिच्यासाठी मॅचचं तिकीट आम्ही काढत नाही, कारण तिनंच तसं सांगितलंय. आम्ही स्टँडमध्ये असतो तेव्हा ती ते शहर पायी फिरते. रात्री आम्ही तिला मॅच सांगतो, ती आम्हाला शहर सांगते. आम्ही ज्या ज्या गावी गेलो त्या गावांबद्दल मला जे काही माहीत आहे, ते बरंचसं तिच्यामुळेच. तुमच्या मित्राला सरळ विचारा, तिकीट हवंय का? भिडेखातर त्याला सहा तास उन्हात बसवू नका.

प्रश्न : दुसऱ्या टीमच्या होम ग्राउंडवर आपल्या टीमची जर्सी घालून बसणं कितपत योग्य? घरचे काळजी करतात.

उत्तर : खेळ कोणता आणि बसणार कुठे, त्यावर आहे. युरोपातल्या फुटबॉलमध्ये पाहुण्या टीमच्या लोकांसाठी वेगळा भाग राखलेला असतो. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांचे रंग घालून बसलात, तर कर्मचारी तुम्हाला बाहेर काढू शकतात. क्रिकेटमध्ये सहसा मिसळूनच बसतात. मी नेहमी जर्सी घालूनच जाते. आजूबाजूच्यांशी पहिल्या ओव्हरआधीच दोन शब्द बोलून घेते, मग दिवसभर चिडवाचिडवी झाली तरी ती गोडीची राहते. मात्र बाचाबाचीची चिन्हं दिसली तर जागा सोडावी, सरळ स्वयंसेवकाकडे जावं.

घरच्यांना चेन्नईची गोष्ट सांगा. 31 जानेवारी 1999, चेपॉक. चौथ्या डावात सचिनचं 136 चं शतक आणि तरी पाकिस्तान 12 धावांनी जिंकलं. स्टेडियम क्षणभर सुन्न झालं आणि मग उठून उभं राहिलं. पाकिस्तानच्या टीमनं त्या टाळ्यांमध्ये मैदानाला फेरी मारली. आपली टीम हरलेली असताना समोरच्यांसाठी टाळ्या वाजवणारे हे लोक माझ्या मते आपल्या क्रिकेटमधले सगळ्यात मोठे प्रेक्षक. परगावी जाऊन बसताना माझ्या मनात तेच असतात.

प्रश्न : टीव्हीवर सगळं जवळून दिसतं, रिप्ले मिळतो. मग एवढा खर्च करून लांबून ठिपके कशाला बघायचे?

उत्तर : टीव्ही तुम्हाला चेंडू दाखवतो, मैदान दाखवत नाही. बॉलर रन-अपकडे परत चाललाय, तेवढ्यात कॅप्टननं मिडविकेटला चार पावलं मागे सरकवलं, बॅट्समननं ते बघितलं की नाही बघितलं, हे स्टँडमधूनच कळतं. शक्य असेल तर साइटस्क्रीनच्या, म्हणजे बॉलरच्या मागे असतो त्या मोठ्या पडद्याच्या बाजूची, जरा वरची जागा घ्या. स्विंग, म्हणजे चेंडूचं हवेत वळणं, तिथून दिसतं. बाउंड्रीलगतच्या पहिल्या रांगेतून खेळाडू जवळ दिसतात, पण खेळ कळत नाही. रिप्लेसाठी मोठा स्क्रीन असतोच, त्याच्याकडे पाठ होईल अशी खुर्ची तेवढी टाळा.